अंगणातील शेगडी : भांडे पारखा, कपडाही पारखा

दिवाळी आटोपली की आमच्या चंद्रपूरच्या कापडबाजारात ग्राहकाचा हात साडीवरून निघून ब्लँकेटच्या गठ्ठ्यावर जातो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापणारे हे शहर. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. मूल, सिंदेवाही, नागभीड किंवा पलीकडे गडचिरोलीतील जंगलालगतच्या गावांत गारठा त्याहून अधिक जाणवतो. तीस वर्षांहून अधिक काळ मी हा मोसम दुकानाच्या गादीवरून पाहत आलो आहे. अलीकडे मात्र ब्लँकेट बांधून घेता घेता ग्राहक आणखी एक प्रश्न विचारू लागला आहे : "भाऊ, अंगणात ठेवायची ती लोखंडी शेगडी कोणती चांगली?"

ही हौस कोठून आली ते सांगणे कठीण नाही. ताडोबाभोवती मोहर्ली, कोलारा या बाजूंना पर्यटकांची निवासस्थाने झाली. तेथे संध्याकाळी मोठ्या वाडग्यासारख्या भांड्यात विस्तव पेटतो, भोवती खुर्च्या मांडल्या जातात. ते पाहून आलेल्या माणसाला आपल्या अंगणातही तसेच काही असावे असे वाटते. मग 'फायर बाऊल' या नावाने ते भांडे नागपूरहून येते किंवा घरपोच मागवले जाते. वस्तू वाईट नाही. परंतु ती घेताना लोक रंग आणि आकार पाहतात. विस्तवाचा स्वभाव पाहत नाहीत.

हा प्रश्न लोखंडवाल्याला विचारायचा सोडून कापडवाल्याला का विचारतात, असे कोणी म्हणेल. पण शेकणाऱ्या माणसाच्या अंगावर जे असते ते आमच्याच दुकानातून जाते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ज्या रीतीने कळली ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढे नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९९८ च्या हिवाळ्यात मूल रस्त्यावरील एका खेड्यातील तरुण आपल्या आजीसाठी शाल घ्यायला आला. त्याला लोकरीची हवी होती, पण तेवढे पैसे नव्हते. मी त्याच्यापुढे कॅशमिलॉनची शाल टाकली. मऊ, केसाळ, रंगाला सुरेख. "लोकरीसारखीच आहे, किंमत निम्मी," असे मी म्हणालो. पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला. पहाटे घमेल्यातील विस्तवाशी आजी शेकत बसली असता शालीचे टोक निखाऱ्यावर पडले, शाल भडकली आणि वितळून हाताला व मानेला चिकटली. आजी वाचली, पण तिचे बरेच दिवस दवाखान्यात गेले. तरुणाने पैसे परत मागितले नाहीत. शालीचा उरलेला तुकडा गादीवर ठेवून त्याने एवढेच विचारले : "भाऊ, हे लोकरीचे होते ना?"

मी खोटे बोललो नव्हतो, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावले. 'लोकरीसारखी' म्हणजे लोकरीची नव्हे, हे ग्राहकाने समजून घ्यायला नको का? परंतु व्यापाऱ्याला जो दोष ठाऊक आहे तो त्याने बोलून दाखवला नाही, तर त्या सौद्यात खोट राहतेच. त्यानंतर मी विस्तव आणि कपडा या दोन्हींची माहिती गोळा करू लागलो. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

नावे निराळी, काम एक

आम्ही उर्दू शाळेत जिला अंगीठी म्हणत होतो, ती मराठीत शेगडी. गडचिरोलीच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडात मातीच्या गोरसीत निखारे ठेवून घरातील माणसे भोवती बसतात. काश्मीरमध्ये वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, म्हणजे कांगडी, फेरनच्या आत धरतात. त्या कांगडीचा एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. काश्मीरमध्ये काम करणारे डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच दाखवून दिले होते, की वर्षानुवर्षे पोटा-मांड्यांजवळ कांगडी धरणाऱ्यांना त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो. ऊब चांगली, पण तीही अंतर राखून घ्यावी, हा त्याचा अर्थ.

जमिनीवर पेटवलेल्या शेकोटीपेक्षा भांड्यातील विस्तव चांगला, यात शंका नाही. तो आपल्या हद्दीत राहतो, वाऱ्याने पालापाचोळा आत-बाहेर होत नाही आणि राख भरणे सोपे जाते. मात्र हे फायदे भांडे योग्य असेल तरच मिळतात.

भांडे कसे पारखावे?

आमच्या धंद्यात कापडाचा कस वजनावर कळतो. लोखंडाचेही तसेच आहे. दोन फूट व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची नुसती सपाट तबकडी सुमारे पावणेसात किलो भरते; तीच १ मिलिमीटर पत्र्याची असेल तर सव्वादोन किलोच्या आसपास. वाडग्याचा खोलगट आकार आणि पाय धरले की वजन आणखी वाढते. म्हणून दोन फुटी भांडे एका हाताने लीलया उचलले जात असेल तर पत्रा पातळ आहे असे समजावे. पातळ पत्रा दोन-तीन वेळा लाल झाला की वाकतो, बुडाला छिद्रे पडतात आणि एखाद्या रात्री निखारे फरशीवर येतात.

बिडाचे भांडे जड असते, ऊब बराच वेळ धरते आणि पुष्कळ वर्षे टिकते. पण बीड ठिसूळ. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतले तर ते तडकते. मातीची शेगडी स्वस्त आणि आपल्या भागातील. भद्रावतीची माती आणि तेथील कुंभारकाम प्रसिद्धच आहे. मात्र मातीचे भांडे आणल्याबरोबर त्यात मोठा जाळ करू नये. पहिले दोन-चार दिवस थोडे निखारे ठेवून त्यातील ओल जाऊ द्यावी. पावसात भिजलेली शेगडीही आधी उन्हात वाळवावी.

जस्त चढवलेल्या पत्र्याची बादली, टब किंवा कापलेली टाकी शेगडी म्हणून वापरू नये. जोरदार आचेत जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप भरल्यासारखे होते. तेलाचा किंवा रसायनाचा जुना ड्रम कापून केलेली शेगडीही टाळावी. आत पूर्वी काय भरले होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शोभेसाठी भांड्यात नदीतील गोटे रचणारे लोक मी पाहिले आहेत. ओल धरलेला गोटा तापला की आतील पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि त्याचे कपचे उडतात.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पाय तीन किंवा चार असावेत, रुंद ठेवलेले असावेत आणि भांडे हाताने ढकलले तरी डगमगू नये. भांड्याची उंची फार नसावी. उंच भांडे कलंडते. काठ आतल्या बाजूला किंचित वळलेला असल्यास लाकूड बाहेर घसरत नाही. बुडाशी लहान छिद्र असावे, म्हणजे पावसाचे पाणी साचून पत्रा सडत नाही. उचलण्यासाठी दोन कड्या हव्यात. आणि वरून झाकायची तारेची जाळी भांड्याबरोबरच घ्यावी. ठिणग्या अडवणारी ही जाळी नसेल तर विकणाऱ्याने निम्मीच वस्तू दिली असे धरून चालावे.

द्रव इंधनावर चालणारी मेजावरची छोटी भांडीही आता बाजारात आली आहेत. त्यांत स्पिरिट ओततात. या वस्तूपासून चार हात दूर राहिलेले बरे. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही. विझली असे समजून माणूस वरून बाटलीने आणखी ओततो आणि ज्वाळा बाटलीत शिरून समोर बसलेल्याच्या अंगावर पिचकारीसारखी येते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये अशा भांड्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. २०१९ पासून त्यांच्यामुळे दोन मृत्यू आणि किमान साठ जण जखमी झाल्याची नोंद त्यात होती. आपल्याकडे लाकूडफाट्याची कमतरता नाही. ही जोखीम विकत घेण्याचे कारण नाही.

जागा कोणती?

शेगडी घरापासून आणि जळण्याजोग्या प्रत्येक वस्तूपासून किमान दहा फूट दूर असावी. आपल्या भागात ही यादी मोठी आहे : धानाच्या तणसाचे ढीग, बांबूचे कूड, गवताची छपरे, गोठा, वाळत घातलेले कपडे, गाडीवर टाकलेली ताडपत्री. कवेलूच्या घराला आग लागणार नाही असे वाटते, पण कवेलूखालचा सांगाडा लाकडा-बांबूचाच असतो. वर झाडाची फांदी नको, मांडव नको, विजेची तार नको.

भांड्याखाली विटांचा एक थर आणि त्यावर वाळू पसरावी. गच्चीवर किंवा व्हरांड्यात थेट फरशीवर ठेवल्यास फरशी तडकते. प्लास्टिकच्या सतरंजीवर किंवा लाकडी पाटावर तर मुळीच ठेवू नये. वारा असेल त्या रात्री शेकण्याचा बेत सोडून द्यावा. एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला वाळूचे घमेले भरून ठेवल्यावरच काडी ओढावी. आणि लहान मुलांसाठी भांड्याभोवती तीन फुटांचे रिंगण आखावे. त्या रिंगणात मोठ्या माणसाशिवाय कोणी जायचे नाही, हा घरचा कायदा समजावा.

काय जाळावे, काय जाळू नये

वाळलेले बाभळीचे किंवा धावड्याचे लाकूड संथ जळते आणि त्याचा निखारा टिकतो. ओले लाकूड धूर करते आणि डोळे चुरचुरतात. टेंभुर्णीचे लाकूड तडतडते आणि ठिणग्या फेकते, म्हणून ते शेकोटीत घालू नये. बांबूबद्दल तर विशेष काळजी घ्यावी. त्याच्या दोन पेरांमधील हवा कोंडलेली असते. तापली की पेर बंदुकीसारखे फुटते. गडचिरोलीत बांबू हाताशी असतो म्हणून लोक तो टाकतात. टाकायचाच तर चिरून टाकावा.

सुतारकामाचे तुकडे स्वस्त मिळतात, पण प्लायवुड, पॉलिश किंवा रंग लावलेले लाकूड त्यातून वेगळे काढावे. टायर, चपला, प्लास्टिकच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या जाळणे म्हणजे विषारी धुराशी शेकणे होय. येथे माझ्या व्यापारी बांधवांनाही सांगावेसे वाटते. पहाटे बाजारात आपल्याच दुकानांपुढे गठ्ठ्यांची प्लास्टिकची वेष्टणे आणि टेरिकॉटच्या चिंध्या जाळून हमाल शेकत असतात. तो धूर त्यांच्या छातीत जातो आणि कचरा आपला असतो.

पेट्रोल किंवा रॉकेल ओतून विस्तव पेटवू नये. पेट्रोलची वाफ आधी पसरते आणि मग काडी ओढणाऱ्यासह पेट घेते. वाळलेला पाला आणि बारीक काटक्या पुरेशा होतात.

दगडी कोळशाचा प्रश्न खास आपल्या जिल्ह्याचा आहे. भोवती खाणी असल्याने कच्चा कोळसा सहज मिळतो आणि अनेक घरांत त्याच्या शेगड्या पेटत आल्या आहेत. या कोळशाच्या धुरात गंधकाचे वायू असतात. थंडीच्या रात्री हवा जड होऊन खाली बसते आणि धूर गल्लीतच फिरत राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले होते. वीज केंद्र आणि खाणी आपल्या हातात नाहीत. आपल्या अंगणातील धूर मात्र आपल्या हातात आहे.

अंगावर काय असावे?

आता माझ्या धंद्याची गोष्ट. विस्तवाजवळ सर्व कपडे सारखे नसतात.

लोकर सहजासहजी पेटत नाही. पेटली तरी विस्तव दूर होताच बहुधा आपोआप विझते. घोंगडे पांघरून शेकोटीपाशी बसणारे आपले जुने मेंढपाळ शहाणे होते. सुती कपडा पेट लवकर घेतो आणि ज्वाळेने जळतो, पण वितळत नाही. जाड आणि घट्ट विणीची सोलापुरी चादर पातळ मलमलीपेक्षा कितीतरी सावकाश पेटते. नायलॉन आणि पॉलिस्टर आधी आकसतात, मग वितळतात, आणि तो तापलेला रस कातडीला चिकटून खोलवर भाजतो. ॲक्रिलिक, म्हणजे बाजारात ज्याला कॅशमिलॉन म्हणतात, ते भडभडून जळते आणि वितळतेही. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात तर सूत वातीचे काम करते आणि पॉलिस्टर तेलाचे. म्हणून 'यात निम्मे सूत आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

दुसरा मुद्दा केसाळपणाचा. फलालीन, फ्लीस, मिंक यांच्या पृष्ठभागावरील बारीक लव हवा धरून ठेवते, त्यामुळेच ते उबदार असतात. परंतु केसाळ सुती किंवा रेयॉनच्या कापडावर त्याच लवेवरून ज्वाळा क्षणात धावत जाते. अमेरिकेत १९४० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत केसाळ रेयॉनचे स्वेटर आणि मुलांचे पोशाख पेटून इतके अपघात झाले, की १९५३ मध्ये ज्वालाग्राही कापडांविरुद्ध कायदाच करावा लागला. आज पानिपतचे ब्लँकेट आणि लुधियानाचे स्वेटर आपल्या गावागावांत पोहोचतात. त्यांतील स्वस्त माल बहुतांश कृत्रिम धाग्याचा असतो. अंथरुणात तो उत्तम आहे. विस्तवाजवळ तो अंगावर नसावा, एवढेच माझे म्हणणे.

कपडा कोणता हे घरी ओळखता येते. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राखाडी राख पडली, तर सूत किंवा रेयॉन. केस जळाल्यासारखा वास आला आणि काळा मणी बोटाने चुरला, तर लोकर किंवा रेशीम. धागा आधी आकसला आणि मागे कडक, न चुरणारा मणी राहिला, तर तो कृत्रिम. ही परीक्षा ग्राहकाने मागितली तर दुकानदाराने राग मानू नये. उलट स्वतः करून दाखवावी.

कापडाइतकाच त्याचा घेर महत्त्वाचा. ओढणी, पदर, लोंबती शाल, सैल बाही, लांब मफलर ही विस्तवाला आमंत्रणेच असतात. शेगडीपाशी बसताना पदर खोचावा, ओढणी गाठ मारून मागे टाकावी, शालीची टोके मांडीखाली घ्यावीत. म्हाताऱ्या माणसांना डुलकी लागते, तेव्हा त्यांची खुर्ची विस्तवापासून इतरांपेक्षा दूर ठेवावी.

बंद खोलीतील शेगडी

आगीपेक्षाही मोठा धोका न दिसणारा आहे. लाकूड असो, लाकडी कोळसा असो की दगडी, अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, गुंगी. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. धूर नसलेला लालबुंद निखारा लोक निर्धोक मानतात. प्रत्यक्षात हा वायू तोच अधिक सोडत असतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका हॉटेलच्या खोलीत बेशुद्धावस्थेत सापडले आणि दगावले. थंडी म्हणून त्यांनी गॅसचा हीटर लावून दारे-खिडक्या बंद केल्या होत्या. त्यांत लहान मुलेही होती. उत्तर भारतात तर अंगीठी पेटवून बंद खोलीत झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात.

आपण व्यापाऱ्यांनी यात आपला दोषही पाहावा. गोदामाच्या चौकीदाराला शेगडी देऊन "दार लावून घे रे, थंडी आहे," असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मीही अनेक वर्षे तेच सांगत होतो आणि वर त्याला दया समजत होतो. एका पहाटे आमचा चौकीदार डोके धरून बाहेर ओटीवर बसलेला आढळला. उलट्या होत होत्या. लघवीला उठून त्याने दार उघडले म्हणून तो वाचला. तेव्हापासून त्याच्या खोलीत शेगडी जात नाही. लोकरीचे घोंगडे, जाड सतरंजी आणि दाराबाहेर छपराखाली मोकळ्या हवेत शेकण्याची सोय, एवढे केले की काम भागते. खर्च एका साडीच्या नफ्याएवढाही आला नाही.

तेव्हा अंगणातील भांडे अंगणातच राहावे. विझत आलेले निखारे उबेसाठी खोलीत आणून ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, ही पैगंबरांची (स.) ताकीद आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. तिचे मोल या वायूची माहिती झाल्यावर अधिकच कळते.

विझवणे, राख आणि जंगल

झोपण्याच्या अर्धा तास आधी लाकूड घालणे थांबवावे. उरलेले निखारे पसरून त्यांवर वाळू किंवा थोडे थोडे पाणी टाकावे, काठीने हलवावे आणि पुन्हा टाकावे. एकदम बादलीभर पाणी ओतल्यास गरम वाफ आणि राख तोंडावर येते. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. ती राख पोत्यात, खोक्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन-चार दिवस ठेवून मग परसबागेत किंवा भांडी घासायला वापरावी.

जंगलालगत राहणाऱ्यांची जबाबदारी दुप्पट आहे. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता, आणि आजही दोन्हींचे जंगल एकमेकांना लागूनच आहे. गडचिरोली तर राज्यातील सर्वाधिक वनाच्छादित जिल्हा. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. याच काळात मोहफुले आणि नंतर तेंदूपाने येतात, ज्यांवर हजारो घरांच्या चुली चालतात. त्या दिवसांत जमिनीवर सागाच्या वाळक्या पानांचा थर असतो. एक ठिणगी पुरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे, किंवा वनाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे अथवा जळता सोडणे हा गुन्हा आहे. आपल्याकडील थंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ओसरतेच. त्या सुमारास भांडे स्वच्छ करून, तेलाचा हात फिरवून, उलटे करून ठेवून द्यावे.

इतके करूनही अपघात झाला तर

अंगावरील कपड्याने पेट घेतला तर पळू नये. पळाल्याने वारा मिळतो. जागीच जमिनीवर पडून लोळावे. दुसऱ्याने लोकरीचे घोंगडे किंवा जाड सुती चादर टाकून ज्वाळा दाबाव्यात; हाताशी आले म्हणून मिंक ब्लँकेट टाकू नये. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. अंगठी, बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी, पण वितळून कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. ते काम डॉक्टरांचे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द. माझ्या दुकानात आता हिवाळ्याचा माल दोन मांडण्यांवर असतो आणि कृत्रिम धाग्याच्या मांडणीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'अंथरुणासाठी. शेकोटीजवळ वापरू नये.' पहिल्या वर्षी काही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. सोबत्यांनी थट्टा केली, की हा स्वतःच्याच मालाची निंदा करतो. पुढच्या वर्षी त्यांतील बरेच परत आले आणि येताना इतरांनाही घेऊन आले. ज्याने दोष सांगितला त्याच्या गुण सांगण्यावरही विश्वास बसतो. लोखंडाच्या दुकानदारांनीही भांडे विकताना जाळी दाखवावी, पत्र्याची जाडी सांगावी आणि 'खोलीत नेऊ नका' हे वाक्य न विसरता उच्चारावे. यास पैसा लागत नाही.

आणि ग्राहकांनी या हिवाळ्यात अंगणासाठी भांडे घेताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत : भांडे जाड आणि स्थिर आहे काय? भोवती दहा फूट मोकळी जागा आहे काय? जाळायला वाळलेले, स्वच्छ लाकूड आहे काय? आणि भोवती बसणाऱ्यांच्या अंगावर काय आहे? यांतील एकाचेही उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' असेल, तर त्या रात्री विस्तव न पेटवता जाड पांघरूण घ्यावे. पांघरूण कोणते, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि 'लोकरीसारखे' या उत्तरावर समाधान मानू नये.